अँटेना विकत घेऊ नका, बांधा

हौशी रेडिओ, म्हणजे ज्याला सगळे हॅम रेडिओ म्हणतात, त्या छंदात सेट विकत घ्यावा लागतो. बॅटरी घ्यावी लागते, परीक्षेची आणि परवान्याची फी भरावी लागते. अँटेना मात्र विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला पक्कड धरता येते, वायरचे टोक सोलता येते आणि टेपवरचे आकडे वाचता येतात, त्याने निदान पहिली अँटेना तरी स्वतःच बांधावी. पैसे वाचतात हे खरेच, आणि आपल्याकडे पैसे वाचणे ही लहान गोष्ट नाही. पण जी अँटेना आपण बांधली ती आपल्याला दुरुस्त करता येते, आणि वेळ आली तर दुसऱ्या गावात, पावसात, मिळेल त्या तारेतून पुन्हा उभी करता येते. हे मला पैशांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

मी सांगलीत मोटारी रिवाइंड करतो. शेतातले सबमर्सिबल पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, पंखे, मिक्सर. तांब्याची तार, वार्निश, स्लीव्ह आणि गेज यातच दिवस जातो. संध्याकाळी शटर अर्धे खाली ओढले की मागच्या खोलीतला रेडिओ सुरू होतो. भिंतीवर दूरसंचार खात्याचा परवाना फ्रेम करून लावलेला आहे. तो पाहून कॉलेजची मुले विचारतात, "काका, शिकायला आवडेल, पण खर्च किती येतो?" उत्तराची वाट न पाहता ती मोबाइलवर एखादी परदेशी अँटेना दाखवतात, पंधरा-वीस हजारांची, आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये म्हणून लिहितो आहे.

सगळ्यात साधी आणि आजही सगळ्यात भरवशाची अँटेना म्हणजे डायपोल. एक तार घ्यायची, मधोमध तोडायची, तोडलेल्या जागी केबल जोडायची आणि दोन्ही टोके दोरीने ताणून बांधायची. लांबी मात्र नेमकी हवी. रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, म्हणून ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. डायपोलला अर्धी तरंगलांबी पुरते, म्हणजे १५०. प्रत्यक्षातली तार टोकांपाशी आहे त्यापेक्षा थोडी लांब असल्यासारखी वागते, त्यामुळे पाचेक टक्के कमी करून १४३ धरायचे. आपल्या देशात हौशी मंडळींना ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळालेला आहे, त्याला फॉर्टी मीटर म्हणतात. १४३ भागिले ७.१, म्हणजे २० मीटर १४ सेंटीमीटर. प्रत्येक बाजूला १० मीटर ७ सेंटीमीटर. शाळेतल्या भागाकारापलीकडचे गणित यात नाही.

मिरज आमच्या शेजारी. तिथल्या सतारमेकर गल्लीत ज्याने तंबोऱ्याची तार लावताना पाहिली आहे त्याला डायपोल वेगळी शिकवावी लागत नाही. तारेची लांबी ठरली की सूर ठरतो. तार दोन्ही टोकांना स्थिर असते आणि मध्यावर सर्वांत जास्त हलते. डायपोलमधला विजेचा प्रवाह तसाच वागतो. टोकांना शून्य, मध्यावर सर्वाधिक. म्हणून केबल मध्यावर जोडायची. आणि टोकांना प्रवाह नसला तरी व्होल्टेज चढलेले असते, म्हणून तिथे इन्सुलेटर चांगला हवा.

आता सामान. माझ्या दुकानात सुपर एनॅमल तारेचे अर्धवट बॉबिन नेहमी पडलेले असतात, १८ गेजची तार डायपोलला चालते. पण मऊ तांबे ताणाखाली लांबते, आणि तार लांबली की सूर उतरतो. म्हणून ती आधी झाडाला एक टोक बांधून, दुसरे टोक ओढून ताणून घ्यावी लागते. नवख्याला मी घरगुती वायरिंगची एक किंवा दीड स्क्वेअर एमएमची वायर घ्यायला सांगतो. तिच्यावरच्या पीव्हीसीमुळे लहर जरा मंदावते, त्यामुळे ती दोन-चार टक्के आखूड लागते. मधल्या जोडासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा चालतो. त्याहून चांगली म्हणजे स्वयंपाकघरातली भाजी चिरायची पांढरी प्लॅस्टिकची फळी. ती करवतीने कापता येते, तिला भोके सरळ पडतात, आणि उन्हापावसात ती बरीच वर्षे काढते. तिचा तळहाताएवढा तुकडा घ्यायचा, सहा भोके पाडायची, वायर दोन भोकांतून वरखाली ओवायची म्हणजे ताण सगळा फळीवर येतो, सोल्डरवर येत नाही. सोल्डर हा फक्त विजेचा जोड आहे, वजन पेलायला तो नाही. नव्या मुलांचे जोड पहिल्याच वाऱ्यात तुटतात ते बहुतेक वेळा एवढ्याच कारणाने.

केबल ५० ओहमची आरजी-५८ घेतली तर उत्तम. पैसे कमी असतील तर केबल टीव्हीवाल्याकडे उरलेली आरजी-६ सुद्धा चालते. ती ७५ ओहमची आहे, पण मोकळ्या जागेतल्या डायपोलचा स्वतःचा रोध ७३ ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे दोघांचे जमते. सेट ५० ओहमचा असल्याने एसडब्ल्यूआर, म्हणजे किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा आकडा, दीडच्या आसपास दिसेल. दीड एसडब्ल्यूआर म्हणजे चार टक्के शक्ती परत फिरते, त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. अडचण वेगळीच आहे: आरजी-६ ची बाहेरची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि ती सोल्डर धरत नाही. तिथे एफ कनेक्टर दाबून बसवावा लागतो. अँटेनाच्या खाली केबलचे दहा-बारा फेरे ड्रेनेजच्या चार इंची पाइपवर गुंडाळले की केबलच्या बाहेरच्या अंगावरून परत येणारा नको तो प्रवाह अडतो. दुकानात यालाच बालन म्हणून चांगल्या किमतीला विकतात.

वायर, केबल, कनेक्टर, नायलॉनची दोरी असे सगळे मिळून हजार ते दीड हजार रुपयांत होते. दोरी झाडावर कशी चढवायची हे मुले विचारतात. बेचकी कशासाठी आहे? माशाच्या गळाला लावतात त्या तंगुसाला शिशाचे वजन बांधायचे, ते बेचकीने फांदीवरून पलीकडे टाकायचे, मग तंगुसाला सुतळी आणि सुतळीला दोरी बांधून ओढून घ्यायची.

वायर मापापेक्षा वीतभर जास्त ठेवावी आणि जास्तीची लांबी कापून टाकण्याऐवजी मागे दुमडून स्वतःवरच पिळावी. दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेंटीमीटर कमी केले की सूर सुमारे सत्तर किलोहर्ट्झ वर सरकतो. एसडब्ल्यूआर मीटर पाहत दोन-तीनदा वरखाली केले की अँटेना लागते. हल्ली नॅनो व्हीएनए नावाचे तळहाताएवढे यंत्र काही हजारांत मिळते, त्यावर आलेख उघड दिसतो. ते गावातल्या चारजणांत मिळून एक घ्यावे, प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. आणि ही सात मेगाहर्ट्झची डायपोल तिपटीच्या नात्याने २१ मेगाहर्ट्झवरही चालते, म्हणजे दुसरा एक बँड आपोआप पदरात पडतो.

मग विकतच्या महागड्या अँटेनात असते काय? पुष्कळदा जागा वाचवण्याची युक्ती असते. वीस मीटरची तार जिथे मावत नाही तिथे कॉइल घालून दोन-तीन मीटरच्या दांडीत तोच बँड बसवतात. दांडी आखूड झाली की कॉइलमध्ये आणि जमिनीत शक्ती उष्णता होऊन जाते, ती लहर होऊन बाहेर पडत नाही. भौतिकशास्त्राला ब्रँड कळत नाही. दोन झाडांमध्ये ताणलेली पूर्ण लांबीची साधी वायर अशा आखूड दांडीच्या पुढे जाते हे मी अनेकांच्या स्टेशनवर त्यांच्या डोळ्यांदेखत दाखवले आहे: आधी त्यांच्या अँटेनावर बोलायचे, मग केबल काढून माझ्या तारेला लावायची आणि समोरच्याला विचारायचे, आता कसा येतो? अमेरिकेशी रोज बोलायचे असेल, टॉवर उभारायला जागा आणि पैसा असेल, तर मोठी फिरती बीम अँटेना जरूर घ्या. ती चांगलीच असते. पण ती पहिली पायरी नव्हे, आणि ती नाही म्हणून छंद सुरू न करणे ही फार मोठी चूक आहे.

स्वस्तात केलेले काम म्हणजे कमअस्सल काम, ही समजूत आपल्याकडे का रुजली हे मला समजत नाही, कारण या देशातला अँटेनांचा इतिहास तिच्या अगदी उलट आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले. लहरींच्या कंपनाची दिशा गाळून घेण्यासाठी त्यांनी जे वापरले त्यात रेल्वेचे ब्रॅडशॉ वेळापत्रक होते, पानापानांत टिनफॉइल घातलेले. दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या सहा फुटी ३२ तबकड्या कल्याणजवळ बसवून १९६० च्या दशकात देशातली पहिली रेडिओ दुर्बीण उभी केली. पुढे नारायणगावजवळ खोडद येथे त्यांच्याच नेतृत्वाखाली जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण झाली. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एवढी मोठी तबकडी जाड पत्र्याची केली असती तर तिचे वजन आणि वाऱ्याचा दाब पेलायला अवाढव्य सांगाडा लागला असता. त्यांनी स्टीलच्या दोरांवर बारीक तारेची जाळी ताणली. जिथे लहरीच वीत-दीड वीत आणि त्याहून लांब आहेत, तिथे जाळीची बोटभर छिद्रे लहरींना दिसतच नाहीत, वारा मात्र आरपार जातो. ही तारेची जाळी आज जगातल्या नावाजलेल्या दुर्बिणींपैकी एक आहे. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना पाहायला खुली करतात. मुलांना जरूर न्या, आणि तबकडीखाली उभे करून वर आकाश दिसते का ते बघायला सांगा.

हैदराबादच्या अश्हर फरहान यांचेही नाव घेतले पाहिजे. त्यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्स नावाचा सेट रचला आणि त्याचा आराखडा सगळ्यांना मोकळा दिला. कॉइल गुंडाळायला परदेशातून फेराइटच्या कड्या मागवाव्या लागत. त्या इथे सहज मिळत नाहीत म्हणून त्यांनी नळाचे वायसर वापरले. त्या सेटच्या नकला जगभरच्या लोकांनी बांधल्या. म्हणजे सेटसुद्धा घरी होऊ शकतो. मी फक्त अँटेनाची गोष्ट करतो आहे.

शाळेतल्या मुलांबरोबर बांधायला माझी आवडती अँटेना वेगळी आहे. डायपोलच्या मागे थोडी लांब आणि पुढे थोडी आखूड अशी मोकळी दांडी ठेवली की लहरी एका दिशेला गोळा होतात. ही यागी-उडा अँटेना. जपानमधल्या सेंदाई येथील विद्यापीठात शिंतारो उडा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये ती मांडली. आपल्या घरांच्या छपरांवर दूरदर्शनच्या काळात जी काटेरी अँटेना असे ती हीच. तिची सुताराच्या टेपची एक आवृत्ती ज्यो लेजिओ नावाच्या अमेरिकन हॅमने तयार केली आणि ती जगभर पसरली. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या टू मीटर बँडसाठी. मागची पट्टी १०५ सेंटीमीटर, मधली ४५-४५ सेंटीमीटरचे दोन तुकडे, पुढची ८९ सेंटीमीटर. मागची आणि मधली यांच्यात २० सेंटीमीटर, मधली आणि पुढची यांच्यात साडेएकतीस ते बत्तीस. बेरीज केली तर लक्षात येईल की तीन मीटरच्या एका स्टीलच्या टेपमध्ये सगळे बसते आणि वर बोटभर-वीतभर उरते. पाऊण इंची पीव्हीसी पाइप, दोन क्रॉस, एक टी आणि पाइपला टेप आवळायला पाण्याच्या नळीच्या क्लिपा. मधल्या दोन तुकड्यांची टोके पॉलिश पेपरने घासून पिवळा रंग पुरता काढावा लागतो, नाहीतर सोल्डर बसत नाही. त्या दोन टोकांत एक इंच फट ठेवायची आणि पाच इंच तारेचा यू आकार करून तो फटीवर जोडायचा, म्हणजे अँटेना ५० ओहमच्या केबलशी जुळते. कापलेल्या टेपची कड ब्लेडसारखी असते. कोपरे गोल करून त्यांवर चिकटपट्टी लावल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका.

मिरज तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या मुलींनी ही बांधली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून अधूनमधून १४५.८ मेगाहर्ट्झवर आवाजाच्या रूपात चित्रे पाठवतात. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, तासाला साडेसत्तावीस हजार किलोमीटरच्या वेगाने जाते, म्हणून क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जेमतेम दहा मिनिटे मिळतात. मी हँडी, म्हणजे हातात मावणारा छोटा सेट, धरून होतो, एका मुलीने अँटेना धरली होती, दुसरी हँडीच्या स्पीकरला मोबाइल लावून बसली होती. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून एक किणकिणता, चढउतार करणारा सूर वर आला आणि मोबाइलच्या पडद्यावर चित्र ओळीओळीने उतरू लागले. अँटेना धरलेल्या मुलीचा हात दुखायला लागून ती जरा कलली की चित्रावर राखाडी पट्टा पडे. "सर, अँटेना आडवी फिरवली की आवाज वाढतोय," असे तिने स्वतः सांगितले. ध्रुवीकरण हा धडा त्यांच्या पुस्तकात अजून आलेला नव्हता. तो तिला मनगटात कळला. एवढ्याशा टेपने अवकाशातून चित्र येते हे पाहिलेल्या मुलीला नंतर विज्ञान कठीण आहे असे कुणी सांगून पटत नाही.

आणि टेपची पट्टी हा केवळ शाळेचा खेळ नाही. छोट्या उपग्रहांच्या अँटेना पुष्कळदा याच जातीच्या स्प्रिंगी पट्ट्यांच्या असतात, गुंडाळून बांधलेल्या, वर गेल्यावर सुटून ताठ होणाऱ्या. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेला 'स्वयम्' हा जेमतेम किलोभर वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीने वर गेला आणि तो हौशी रेडिओच्याच बँडवर बोलत होता. मुंबईच्या आयआयटीचा 'प्रथम' त्याच वर्षी सप्टेंबरात गेला. आपल्या पोरांनी उपग्रह केले. ते ऐकायला आपल्या शाळांच्या गच्चीवर अँटेना नसाव्यात याचे मला वाईट वाटते.

आता गच्चीकडेच येतो. खरा अडथळा पैशाचा उरलेलाच नाही, तो गच्चीचा आहे. माझ्या ओळखीच्या किती जणांचे परवाने सोसायटीच्या नकारामुळे कपाटात पडून आहेत. "किरणांचा त्रास होईल" हे ठरलेले कारण. सात मेगाहर्ट्झच्या लहरी अणूतले इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या क्ष-किरणांच्या जातीच्या नाहीत. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या परवान्यावर थोड्याच वॉटची शक्ती, तीही आम्ही बोलतो तेवढाच वेळ, आणि अँटेना माणसांच्या डोक्यावरून बरीच उंच. ज्या इमारतींवर मोबाइल कंपन्यांची भाड्याची यंत्रणा चोवीस तास चालते तिथेही एका वायरीला आणि दोन बांबूंना नकार मिळालेला मी पाहिला आहे. हा अन्याय आहे. भीती घालवायची तर हॅमने सभासदांना गच्चीवर नेऊन अँटेना दाखवावी, मीटर दाखवावा, एखाद्या आजोबांना माइकवरचे संभाषण ऐकवावे. बंद दाराआड केलेल्या छंदाविषयी लोकांना शंका येणारच.

धोके आहेत, आणि ते मी लपवत नाही. वायरमन म्हणून सांगतो, पहिला धोका महावितरणच्या तारेचा. अँटेना किंवा तिचा बांबू पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही एवढे अंतर हवेच. तारेवरून दोरी टाकण्याचा विचारसुद्धा करू नये. दुसरा धोका आकाशातल्या विजेचा. वळवाचे ढग दिसले की केबल सेटपासून काढून घराबाहेर अर्थिंगला लावायची. तिसरी गोष्ट कायद्याची: परवाना नसताना माइकचे बटण दाबायचे नाही. बाजारात चिनी हँडी दोन-तीन हजारांत मिळते म्हणून ती घेऊन बोलत सुटणारे लोक या छंदाचे नुकसान करतात. बारा वर्षांवरील मुलालाही परीक्षेला बसता येते, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोडही लागत नाही.

एवढा आटापिटा कशासाठी, तर २०१९ चा ऑगस्ट मी सांगलीत काढला आहे. कृष्णेचे पाणी गावभागात शिरले तेव्हा माझ्या दुकानातल्या मोटारी पाण्याखाली गेल्या. आमच्या भागात आधी वीज गेली, मग मोबाइलची चार्जिंग, मग नेटवर्क. मी विश्रामबागेत नातेवाइकांच्या गच्चीवर ट्रकची बॅटरी आणि एक डायपोल लावून बसलो होतो. तिची टोके पाण्याच्या टाकीला आणि शेवग्याच्या झाडाला बांधली होती, उंची जेमतेम दोन मजल्यांची. विकतच्या अँटेनाचे कागद वाचणारे म्हणतील, एवढ्या कमी उंचीवर काय होणार? पण सात मेगाहर्ट्झची बुटकी डायपोल बरीचशी शक्ती सरळ वर फेकते. ती आयनांबरावर आपटून छत्रीसारखी खाली पडते आणि तीन-चारशे किलोमीटरचा सारा प्रदेश सलग व्यापते. डोंगर आडवे येत नाहीत. दिवसा पुणे, सोलापूर, बेळगाव, रत्नागिरी शेजारच्या खोलीत असल्यासारखे येतात. घरच्यांच्या खुशालीचे निरोप मी या तारेवरून पाठवले. पुढल्याच वर्षी जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत खांब आणि टॉवर आडवे केले, आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅम मोहिमेसाठी अंदमानात होत्या. पोर्ट ब्लेअरहून त्यांनी हौशी रेडिओवर निरोपांची साखळी चालवली हे सगळ्या देशाने वाचले आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकांत यंत्रसामग्रीच्या याद्या होतात, त्यांत सेट असतो, बॅटरी असते. अँटेना बांधता येणारा माणूस त्या यादीत नसतो, आणि तुटलेली अँटेना पुरात कुरिअरने येत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आणि वायरमन या ट्रेडच्या मुलांकडून एक डायपोल बांधून, ताणून, मीटरवर लावून घ्यावी. सामानाचा खर्च एका मोटारीच्या रिवाइंडिंगपेक्षा कमी आहे. माध्यमिक शाळांनी विज्ञान प्रदर्शनात थर्मोकोलचा ज्वालामुखी एक वर्ष बाजूला ठेवून टेपची यागी करावी आणि जवळच्या परवानाधारक हॅमला बोलवावे. आम्ही पैसे न घेता येतो. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी दोन माणसे अशी असावीत ज्यांना अंधारात, वीस मीटर वायरमधून तासाभरात स्टेशन उभे करता येईल. आणि गृहनिर्माण सोसायट्यांना विनंती आहे की तुमच्या इमारतीत परवानाधारक हॅम असेल तर येत्या पावसाळ्याआधीच्या सभेत त्याच्या अँटेनाचा विषय घ्या, त्याचे म्हणणे ऐका आणि गच्चीचा एक कोपरा त्याला लेखी ठरावाने द्या.